मुंबई ते न्यूयॉर्क : किलोमीटर की तास?

मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातलं अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. थेट विमानाला जायला सोळा तासांच्या आसपास लागतात, परत यायला चौदाच्या आसपास. एवढ्या साध्या माहितीवरून साताऱ्यातल्या एका घरात काका आणि पुतणी यांच्यात जे बोलणं झालं, ते मी समोर बसून ऐकलं. काका भूगोलाचे निवृत्त शिक्षक. पृथ्वीचा गोल अजूनही त्यांच्या टेबलावर असतो. पुतणी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते, नोकरी करते, तिला एक मुलगा आहे. काकांच्या मते अंतर किलोमीटरमध्येच सांगावं, पुतणीच्या मते तासांत. सुरुवातीला मला हा आकड्यांचा वाद वाटला. त्याच्या पोटात काय आहे ते बऱ्याच उशिरा कळलं. दोघांच्या संमतीनं, नावं न घालता, ते बोलणं इथे देतो आहे. मध्ये मला राहवलं नाही तिथे माझंही मत घातलं आहे.

काका : तू मागच्या खेपेला म्हणालीस सोळा तास. या खेपेला म्हणतेस सतरा होऊन गेले. मुंबई जागची हलली नाही, न्यूयॉर्क हललं नाही. मग जे दर खेपेला बदलतं त्याला अंतर कसं म्हणायचं? हा दोरा धर. एक टोक मुंबईवर ठेव, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताण. कुठून जातो बघ.

पुतणी : वरून जातोय. पार उत्तरेकडून.

काका : पोरांना हे कधीच खरं वाटायचं नाही. वर्गात भिंतीवरचा नकाशा असतो, त्यावर मुंबईपासून पट्टी लावली की रेघ अरबस्तानावरून, इजिप्तवरून, सहारा ओलांडून अटलांटिकमध्ये जाते. तो नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा, १५६९ सालचा, दर्यावर्दी लोकांसाठी केलेला. होकायंत्राची दिशा एकच धरून जहाज हाकायचं तर त्यावरची सरळ रेघ उपयोगी. पण ती रेघ जवळची वाट नव्हे. त्या रेघेनं गेलीस तर १४,२०० किलोमीटर पडतील. गोलावर दोरा ताणलास की १२,५४०. सोळा-सतराशे किलोमीटरचा फरक, निव्वळ पृथ्वी गोल आहे म्हणून.

पुतणी : आणि दोरा जातो कुठून?

काका : मुंबईहून निघताना तोंड अमेरिकेकडे, म्हणजे पश्चिमेला नाहीच. उत्तरेकडे, जरासं पश्चिमेला कललेलं. सिंध-बलुचिस्तान, कंदाहारच्या बाजूनं अफगाणिस्तान, मग तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया. सेंट पीटर्सबर्गच्या जवळून स्वीडन, नॉर्वे. तिथून समुद्रावर, आणि आइसलँडची राजधानी रेक्याविक जवळजवळ पायाखाली. ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडा, आणि मग खाली उतरत न्यूयॉर्क. दोरा सगळ्यांत वर जातो तिथे उत्तर ध्रुववृत्ताच्या जेमतेम दोन अंश खाली असतो. हे मी तीस-पस्तीस वर्षं शिकवलं. हे खरं अंतर. ते कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

पुतणी : काका, सगळं मान्य. पण तुम्ही सांगितलेल्या या वाटेनं आज एकही विमान जात नाही.

काका : का नाही?

पुतणी : दोरा कुणाकुणाच्या डोक्यावरून गेला ते तुम्हीच मोजलंत. पहिलाच देश पाकिस्तान. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर त्यांनी आकाश बंद केलं, ते जुलैत उघडलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर भारतीय विमानांना पुन्हा बंद. अफगाणिस्तानात २०२१ मध्ये तालिबान आल्यावर विमानांना खालून वाट दाखवणारी यंत्रणाच कोलमडली. पुढे रशिया. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तसं अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये विमानाच्या शेपटीवर कुठल्या देशाचं नाव आहे, त्यावर वाट ठरते. युनायटेडनं नेवार्क–मुंबई विमान त्या मार्चमध्ये थांबवलं. मला ते आठवतं, कारण आमच्याकडच्या सगळ्यांचं ते घरचं विमान होतं. एडिसनहून नेवार्क अर्ध्या-पाऊण तासावर.

काका : म्हणून अंतर वाढलं असं नाही. वाट लांबली.

पुतणी : माझ्यासाठी त्यात फरक काय?

इथे मला पुतणीची बाजू घ्यावीशी वाटते. दोऱ्याचं अंतर निसर्गानं दिलेलं आहे, त्यात बदल होत नाही हे खरं. पण प्रवासी दोऱ्यावरून जात नाही. तो देशांच्या परवानगीनं जातो. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्रायल यांच्यात चकमकी पेटल्या, तेव्हा इराण-इराकवरची वाटही काही दिवस बंद झाली. आखाती विमानतळांवर हजारो माणसं अडकून पडली. भूगोलाच्या पुस्तकात यातलं काहीच नसतं.

पुतणी : अजून एक सांगते. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट लांबली, सुमारे चौदाशे किलोमीटरनं. १३,९०० च्या जागी १५,३०० किलोमीटर. आणि वेळ? दोनेक तास कमी झाला, साडेचौदा तासांवर आला. आता सांगा, सॅन फ्रान्सिस्को जवळ आलं की लांब गेलं?

काका : वारा.

पुतणी : वारा.

काका : त्याबद्दल मला विचार, सांगतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा पट्टा असतो, जेट स्ट्रीम. विषुववृत्ताकडची उबदार हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा जिथे भेटतात तिथे तो तयार होतो. दोन्हींच्या तापमानात फरक जितका जास्त तितका वारा जोरात, म्हणून हिवाळ्यात तो अधिक जोमात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तो पूर्वेकडे वळतो. ताशी शंभर-दीडशे किलोमीटर तर नेहमीचे, कधी तीनशेच्या वर. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानतज्ज्ञानं १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता, आणि निष्कर्ष एस्परांतो भाषेत छापले. जगभरच्या लोकांनी वाचावेत म्हणून ती भाषा निवडली, आणि कुणीच वाचले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बफेकी विमानं जपानवर पोचली, तेव्हा त्या वाऱ्यानं त्यांना हैराण केलं.

पुतणी : तोच वारा आम्हाला इकडे येताना ढकलतो आणि जाताना अडवतो.

काका : बरोबर. आणि तुला वाटत असेल की जाताना जे गेलं ते येताना भरून निघतं. तसं होत नाही. वही घे. समज १२,६०० किलोमीटरची वाट, विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९००. वारा नसेल तर चौदा तास जायला, चौदा यायला, अठ्ठावीस. आता ताशी शंभरचा वारा धर. जाताना वेग आठशे, लागले पावणेसोळा तास. येताना वेग हजार, लागले बारा तास छत्तीस मिनिटं. बेरीज?

पुतणी : अठ्ठावीस तास एकवीस मिनिटं.

काका : वाऱ्यानं एकवीस मिनिटं खाल्ली. विरुद्ध वाऱ्यात तू जास्त वेळ असतेस, पाठच्या वाऱ्यात कमी. म्हणून वारा कधीच पुरता हिशेब चुकता करत नाही. हे किलोमीटर माहीत असल्याशिवाय कळलं असतं का?

पुतणी : नसतं कळलं. पण काका, हा हिशेब तुम्ही शेवटी तासांतच मांडलात.

काका हसले. मग फेब्रुवारी २०२० मधली गोष्ट निघाली. अटलांटिकवर मोठं वादळ होतं. त्याच्या पाठीवर बसून ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं. एरवी साडेसहा तास धरतात. जमिनीच्या हिशेबानं त्या विमानाचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. ध्वनीच्या वेगाची मर्यादा मात्र त्यानं ओलांडलेली नव्हती, कारण भोवतालची हवाच त्याच दिशेनं धावत होती.

पुतणी : आता तिकिटावरचा घोळ. माझ्या मुलानं विचारलं होतं, आई, विमान मुंबईहून रात्री दोनला निघतं आणि त्याच दिवशी सकाळी आठला न्यूयॉर्कला पोचतं, म्हणजे सहा तास. येताना दुपारी बाराला निघतं ते दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पोचतं, म्हणजे चोवीस. असं कसं?

काका : दोन्ही वेळा त्या त्या गावच्या. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. आपण करत नाही. सहामध्ये साडेनऊ मिळवायचे, चोवीसमधून वजा करायचे. साडेपंधरा आणि साडेचौदा. पण हेही सोड. तिकिटावरचे तास खरे तरी असतात का? कंपनी वेळ धरते ती दारापासून दारापर्यंत, म्हणजे विमान इथल्या गेटपासून सुटल्यापासून तिथल्या गेटला लागेपर्यंत. धावपट्टीकडची रांग त्यात आली, थोडा सैल धागाही आला, म्हणजे उशीर झाला तरी वेळेवर म्हणता येतं. म्हणून म्हणतो, तास म्हणजे कंपनीचा अंदाज. किलोमीटर म्हणजे वस्तुस्थिती.

या मुद्द्यावर काकांचं पारडं जड आहे. किलोमीटर माहीत असेल तर तिकीट विकणाऱ्याची भाषा ओळखता येते. उदाहरण देतो. मे १९६० मध्ये एअर इंडियानं बोईंग ७०७ घेऊन न्यूयॉर्कची सेवा सुरू केली तेव्हा विमान लंडनला थांबून जायचं. थेट सेवा आली ती ऑगस्ट २००७ मध्ये. आता मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर, लंडन–न्यूयॉर्क साडेपाच हजारांच्या जरा वर. बेरीज केली तर थेट वाटेपेक्षा फक्त दोनशे किलोमीटर जास्त. दुबईमार्गे गेलात तर चारशे. म्हणजे 'वाकडी वाट' म्हणून ज्या थांब्यांना आपण नावं ठेवतो, त्यांत वाकडेपणा जवळजवळ नाहीच. वेळ जातो तो विमानतळावर बसण्यात. थेट विमानासाठी जास्त पैसे मोजतो ते त्या बसण्यातून सुटण्यासाठी, हे प्रवाशानं नीट समजून घ्यावं.

काका : थेट विमानाची किंमत फक्त पैशात नसते. बोईंग ७७७ सारख्या मोठ्या विमानाच्या टाक्यांत १,८१,००० लिटर इंधन मावतं. वजन सुमारे १४५ टन. विमानाचं उड्डाणाच्या वेळचं जास्तीत जास्त वजन ३५१ टन. टाक्या भरून निघालं तर चाळीस टक्क्यांच्या वर नुसतं इंधन. शेवटच्या तासाला लागणारं इंधन पहिले पंधरा तास वाहून न्यायचं, आणि ते वाहून न्यायला पुन्हा इंधन जाळायचं. एक किलो जळलं की तीन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. वाट लांबली की माणसं किंवा सामान खाली ठेवावं लागतं. हे सगळं किलोमीटरचं ओझं आहे.

पुतणी : आणि शरीरावरचं ओझं तासांचं. केबिनमधली हवा जमिनीवरच्यासारखी नसते. ७७७ मध्ये ती सात-आठ हजार फुटांवरच्यासारखी विरळ असू शकते, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही पुष्कळ उंचावरची. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि ही चोवीसशेपर्यंत. सोळा तास त्या हवेत, पाय खाली सोडून. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिचे पाय इतके सुजले की चपला हातात घेऊन उतरली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, तासा-दीड तासानं उठून चालायला हवं होतं. ते निघण्याआधी कुणी सांगितलं नाही. तुमच्या गोलावर हे कुठे लिहिलंय?

काका : नाही लिहिलेलं.

पुतणी : आता माझा हिशेब ऐका. साताऱ्यातल्या या दारापासून एडिसनच्या दारापर्यंत. इथून मुंबई विमानतळ अडीचशे किलोमीटर. खंबाटकीचा घाट, पुण्याचा नवले पूल, एक्स्प्रेसवे, बोरघाट, आणि मग मुंबईची गर्दी. सहा तास धरायचे. विमानतळावर तीन तास आधी. विमान सोळा तास. उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान, रस्ता, तीन तास. अठ्ठावीस तास झाले. त्यातले पहिले अडीचशे किलोमीटर म्हणजे एकूण अंतराच्या दोन टक्के, आणि वेळेचा पाचवा हिस्सा त्यात जातो. मला न्यूयॉर्क लांब वाटत नाही काका. मला नवले पूल लांब वाटतो.

काका : हे तू चांगलं मांडलंस.

पुतणी : मांडलं, कारण मला हे पाठ आहे. बाबा गेले त्या दिवसापासून पाठ आहे. तुम्ही त्या दिवशी किलोमीटर मोजलेत.

यानंतरचं बोलणं मी शक्य तितकं जसंच्या तसं देतो.

काका : दादा शनिवारी रात्री आठला गेला. मी तुला लगेच फोन लावला. तू म्हणालीस, मी निघते. मी मनात म्हटलं, साडेबारा हजार किलोमीटर, ही कधी पोचणार. आई नव्वदीची, भिंतीला टेकून बसलेली. रात्रभर मयत घरात. गावाकडची माणसं पहाटेपासून दारात. सकाळी सगळ्यांनी विचारलं, कुणासाठी थांबायचं आहे का? मी म्हणालो, नाही. अकराला माहुलीच्या घाटावर अग्नी दिला.

पुतणी : आमच्याकडे शनिवारी सकाळी साडेनऊ वाजले होते. दुपारचं थेट विमान सुटायच्या आधी विमानतळ गाठणं शक्य नव्हतं. रात्री दहाचं मिळालं, दुबईमार्गे. तेरा तास, मध्ये तीन तास, पुन्हा तीन तास. मुंबईत सोमवारी पहाटे साडेतीन. रस्ता मोकळा होता, साडेनऊ-दहाला मी या दारात होते. तुम्ही तेवीस तास थांबला असतात तर मी बाबांना बघितलं असतं. तेवीस तास, काका. साडेबारा हजार किलोमीटर नव्हे. साताऱ्यात शीतपेटी भाड्यानं मिळते, त्याच दिवशी मिळते.

काका : तेवीस तास तुला थोडे वाटतात. विमानात बसलेल्याला ते थोडेच. इथे आईच्या पुढ्यात तिचा मुलगा ठेवलेला होता. तिनं पाणी घेतलं नव्हतं. आणि तुझं विमान चुकलं असतं, दुबईत धुक्यानं अडकलं असतं, तर? मग सोमवार गेला असता, मंगळवार आला असता. तूच म्हणालीस ना, तास भरवशाचे नसतात.

पुतणी : ते तुम्ही म्हणालात. आणि अडकले असते तर मी स्वतः फोन करून सांगितलं असतं, काका, अग्नी द्या. मी तेवढी समजूतदार आहे. तुम्ही मला विचारायचं होतंत. माझ्या हातात तिकीट होतं, वेळ लिहिलेली होती. रात्री अकराला, बाराला, कधीही फोन करायचा होता.

काका : विचारायला हवं होतं. हो. थांबायला हवं होतं असं मी आजही म्हणत नाही. पण विचारायला हवं होतं.

पुतणी : मुलगा आणि नवरा येऊ शकले नाहीत ते वेगळंच. मुलाचं ओसीआय कार्ड, म्हणजे व्हिसाशिवाय भारतात येण्याचं कार्ड, काढायचं राहिलं होतं. शनिवारी कचेरी बंद. आजोबांना बघायला तो आला नाही, त्याचं कारण एक न भरलेला अर्ज. ते अंतर कशात मोजायचं?

थोड्या वेळानं काकांनी विषय मागे नेला. विषय टाळण्यासाठी नव्हे, असं मला वाटतं.

काका : आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. अठरा वर्षांची मुलगी. तुझ्या एडिसनजवळ रोझेल आहे ना, तिथे कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. नेवार्कचा विमानतळ त्या गावाच्या अगदी जवळ. त्यांचे पती गोपाळराव तेव्हा इकडे. पत्र जायला महिन्याच्या वर, उत्तर यायला तेवढंच. काही विचारलं तर उत्तर येईपर्यंत प्रश्न शिळा झालेला. फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, १८८६ च्या नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या त्या क्षयानं खंगून, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत त्या आहेत. तेव्हाही किलोमीटर हेच होते.

पुतणी : मग तुम्हीच माझी बाजू घेतलीत. किलोमीटर तेच, आणि तेव्हा दोन महिने, आता अठ्ठावीस तास.

काका : मला दुसरं म्हणायचंय. तेव्हा माणसं निघताना धरून चालत की आपण पोचणार नाही. मरणाला नाही, बारशाला नाही, लग्नाला नाही. निरोप घ्यायचा तो पुरता घेत. तुमच्या पिढीनं अठ्ठावीस तासांच्या भरवशावर निरोप घेणंच सोडलं. वाटतं, काही झालं तर येऊ. आणि काही होतं तेव्हा अठ्ठावीस तास पुरत नाहीत.

पुतणी : हे खरं आहे.

काका : तार होती तेव्हाही. १८७० मध्ये समुद्राखालून तार टाकून मुंबई सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली होती. बातमी त्याच दिवशी पोचायची, माणूस कित्येक आठवड्यांनी. आज बातमी त्याच क्षणी पोचते, चेहऱ्यासकट, आणि माणूस दीड दिवसानं. दोन्हींमधली फट लहान झाली, मिटली नाही. ती मिटली असं समजून आपण सगळे वागतो. मीही त्या रात्री तुला व्हिडिओवर दादाचा चेहरा दाखवला आणि मला वाटलं, झालं हिचं दर्शन.

पुतणी : मला नाही वाटलं तसं.

इथे बोलणं थांबलं, कारण चहा आला आणि मुलगा खेळून घरात आला.

मी या दोघांमध्ये बसलो होतो, म्हणून माझं मत सांगायला हवं. वाट समजून घ्यायची असेल तर काकांचा दोरा घ्यावा. वारा, इंधन, बंद झालेली आकाशं, तिकिटाचा दर हे सगळं त्या १२,५४० किलोमीटरच्या आधारानंच उलगडतं. पण माणसाबद्दल निर्णय घ्यायचा असेल तेव्हा तास मोजावेत, आणि तेही विमानाचे नव्हे, दारापासून दारापर्यंतचे. या प्रश्नात पुतणीचं बरोबर आहे. 'अमेरिका फार लांब आहे' एवढ्यावर कुणाला शेवटच्या दर्शनापासून वंचित ठेवणं योग्य नाही. आणि 'येतेच आहे' एवढ्यावर नव्वदीच्या आईला ताटकळत ठेवणंही योग्य नाही. मधला रस्ता 'थांबू का?' असं विचारणाऱ्या एका फोनचा होता, तो त्या रात्री झाला नाही.

ज्यांच्या घरचं कुणी परदेशात आहे त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत खरे किती तास लागतात ते एकदा कागदावर मांडून ठेवा. थेट विमानाचे वेगळे, थांब्याचे वेगळे, हिवाळ्याचे वेगळे. नातवंडांची कागदपत्रं, पासपोर्टच्या मुदती आज तपासा. अर्ज राहिला असेल तर या आठवड्यात भरा. नोकरीच्या व्हिसावर असाल तर परत जाताना शिक्का लागणार का, ते आधी विचारून घ्या. वयस्क आई-वडिलांना तिकडे बोलवत असाल तर दर तासा-दीड तासानं उठून चाला, हे निघण्याआधी सांगा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना, ते धडधाकट असतानाच, विचारा की तुमच्यासाठी किती वेळ थांबायचं आणि तो निर्णय कुणी घ्यायचा. हे विचारणं अवघड आहे, अभद्र वाटतं, पण ते फोनवर करू नका. मुलं पुढच्या सुट्टीत घरी येतील तेव्हा सगळ्यांना समोर बसवून ठरवा.